मिरजेची बॉक्स तंबोरी: आखडलेल्या बोटांच्या बाजूने एक परीक्षण

वाद्यांची परीक्षणे वाचताना एक गोष्ट नेहमी जाणवते. वाजवणाऱ्याचा हात धडधाकट आहे, असे धरूनच ती लिहिलेली असतात. आवाज कसा आहे, लाकूड कोणते आहे, किंमत रास्त आहे की नाही, एवढे सांगून ती संपतात. सकाळी उठल्यावर ज्याची मूठ वळत नाही आणि चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलावा लागतो, त्याने कोणते वाद्य घ्यावे, याविषयी त्यांत अवाक्षर नसते. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा सांध्यांचा चिवट विकार आहे, तो बरा होणारा नाही आणि औषधांनी आटोक्यात ठेवावा लागतो, हे आधीच सांगून टाकते. कारण मिरजेच्या एका कारखान्यातून करून घेतलेल्या चार तारांच्या बॉक्स तंबोरीविषयी मी पुढे जे लिहिणार आहे, ते सगळे याच हातांनी तपासलेले आहे. निरोगी माणसाला हे वाद्य कदाचित सामान्य वाटेल. मला ते तसे वाटले नाही, आणि त्याची कारणे सविस्तर सांगण्याजोगी आहेत.

बॉक्स तंबोरी म्हणजे भोपळा नसलेला तंबोरा. मिरजेच्या नेहमीच्या तंबोऱ्याला जो मोठा भोपळा लागतो, तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भागातून येतो. वाळवून, कोरून, त्यावर लाकडी तबली, म्हणजे तोंडावरची फळी, आणि दांडी बसवून वाद्य उभे राहते. बॉक्स तंबोरीत भोपळ्याच्या जागी चपटी, पोकळ लाकडी पेटी असते. माझे वाद्य साधारण तीन फूट लांब आहे, वजनाला हलके आहे आणि खांद्यावर अडकवण्याच्या पिशवीत मावते. उभ्या तंबोऱ्याला मांडीशी टेकवून, एक हात वर ठेवून बसावे लागते. ही तंबोरी मांडीवर आडवी घेता येते, टेबलावर ठेवता येते, आणि अंग मोडून आले असेल त्या दिवशी पलंगावर पडल्या पडल्या पोटावर ठेवूनही छेडता येते. ही शेवटची सोय कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही, पण माझ्या लेखी ती पहिल्या क्रमांकाची आहे. पेटी पोटावर टेकलेली असली की खरजाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची, तार छेडताच तिचा कंप बरगड्यांपर्यंत जाणवतो, आणि जे शरीर दिवसभर केवळ तक्रारी ऐकवत असते त्याच शरीरातून एक सुरेल गोष्ट जाताना कळते.

मिरजेविषयी दोन शब्द लिहायला हवेत. शस्त्रे घडवणारी आणि पाजवणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली आणि सतार-तंबोऱ्यांच्या कारागिरीचे हे केंद्र उभे राहिले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाल्यावर गाणारे आणि घडवणारे एकाच गावात नांदू लागले, त्याचा लाभ वाद्यांना झालाच असणार. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकनाने जवारी, म्हणजे तारेच्या आवाजातली झणझण, सुधारत नाही, हे खरे. पण दूर राहून वाद्य मागवणाऱ्याला निदान आपण कोणत्या परंपरेच्या दारात उभे आहोत, एवढे तरी त्यातून कळते.

मी पूर्वी सतार वाजवत असे. सतारीत डाव्या हाताच्या बोटांनी पोलादी तार पडद्यावर दाबून आडवी ओढावी लागते, तेव्हा मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर सलग घसरत जाणे, निघते. या आजाराचा पहिला रोख बोटांच्या मुळाच्या आणि मधल्या सांध्यांवर तसेच मनगटावर असतो, आणि मींड नेमकी याच सांध्यांच्या जोरावर उभी असते. त्यामुळे सतार सुटली. हार्मोनियम करून पाहिली, पण भात्याचा हात अर्ध्या तासात भरून येई. स्वरमंडळ छेडायला सोपे असते, मात्र त्याच्या तीसेक तारा किल्लीने पिळून सुरात आणायच्या म्हणजे मनगटाला शिक्षाच. तंबोऱ्यात मात्र काहीही दाबावे लागत नाही. चार मोकळ्या तारा, मधले बोट पहिल्या तारेला आणि तर्जनी उरलेल्या तिघींना, तीही नखाने किंवा टोकाने न मारता बोटाच्या पेराची मऊ बाजू तारेवरून हलकेच सरकवायची. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये बोटाच्या टोकाजवळचा सांधा बहुधा वाचतो. माझाही वाचला आहे, आणि तंबोऱ्याला लागते ते त्याच्यापुढचेच पेर. ज्याने कोणी ही छेडण्याची रीत ठरवली त्याच्या मनात रुग्ण नसणारच, पण ती रुग्णाला इतकी चपखल बसते की आश्चर्य वाटावे.

आता आवाजाकडे वळते. तंबोऱ्याचा सगळा प्राण जवारीत असतो. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट नसून अगदी सूक्ष्म उताराचा असतो. कंप पावणारी तार त्या उताराला घासत जाते आणि तार व घोडी यांच्यामध्ये सरकवलेले सूत योग्य जागी आले की आवाज एकदम उघडतो, झणझणू लागतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली वीणा आणि तंबोरा या वाद्यांवर लिहिताना दाखवून दिले होते की, एरवी तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्यांचा निश्चल बिंदू पडतो असे उपस्वर (मूळ सुराबरोबर निघणारे वरचे सूर) उमटू नयेत असा नियम आहे, पण या घोडीमुळे तेही उमटतात. कानाला याचा अर्थ असा की, एका तारेतून सुरांचे मोहोळ उठते. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात खरजाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. बॉक्स तंबोरीत हा गंधार भोपळ्याच्या तंबोऱ्याइतका भरदार येत नाही. पेटीचा पोकळ भाग लहान असल्यामुळे खरज थोडा पातळ लागतो आणि तारेचा नाद लवकर विरतो. पहिल्या दिवशी ऐकले तेव्हा मी थोडी खट्टू झाले होते. सूत दोन-चार वेळा पुढेमागे करून योग्य जागी बसल्यावर गंधार आला. क्षीण आला, पण आला. मोठ्या सभागृहात हे वाद्य चालणार नाही. बारा बाय दहाच्या खोलीत, दार लोटून घेतल्यावर, ते पुरेसे आहे.

यानंतरचा भाग माझ्या दृष्टीने या परीक्षणाचा गाभा आहे. दीर्घ आजाराविषयी बोलणे फार अवघड असते. डॉक्टर विचारतात, दुखणे शून्य ते दहामध्ये किती. आपण सहा म्हणतो, आणि त्या सहामध्ये काहीच मावत नाही. नातेवाईक विचारतात, आता बरे आहे ना. आपण हो म्हणतो, कारण खरे उत्तर द्यायला अर्धा तास लागेल आणि ते ऐकायला त्यांच्याकडे अर्धा तास नसतो. रक्ताच्या तपासणीत ईएसआर आणि सीआरपी यांचे आकडे येतात, ते दाह किती आहे हे सांगतात. तो दाह घेऊन मंगळवारचा दिवस कसा गेला, हे सांगत नाहीत. या सगळ्याला वाट करून देण्यासाठी संगीत वापरता येते, असे मी अनेकदा वाचले होते आणि त्यावर माझा फारसा विश्वास नव्हता, कारण दुःखाचे गाणे रचावे आणि ते गळा काढून म्हणावे, असेच त्याचे स्वरूप माझ्या डोळ्यांसमोर असे.

तंबोरीने दुसरी वाट दाखवली. चार तारांचे आवर्तन हे या वाद्याचे एकमेव वाक्य आहे: पंचम, षड्ज, षड्ज, खरज. त्यात कलाकुसरीला जागा नाही, आणि म्हणूनच हाताची अवस्था त्यात लपत नाही. हात मोकळा असेल तेव्हा आवर्तन एकसारखे फिरते. सकाळी, बोटे आखडलेली असताना, मधले बोट पंचमावर उशिरा पोहोचते आणि दोन षड्ज एकमेकांना जवळजवळ चिकटतात, कारण तर्जनी एकदा हलली की तिला मध्येच थांबवणे अधिक कठीण असते. या आजारावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा घ्यावी लागते. तिच्या दुसऱ्या दिवशी मला जी ग्लानी येते त्या दिवशी खरजानंतर एक लांब पोकळी पडते आणि पुढचा पंचम येतो की नाही, असे वाटत राहते. आजार उफाळला की पहिली तार सुटूनच जाते आणि तिघींचेच आवर्तन चालते. मी हे फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवू लागले. नुसती तंबोरी, गाणे नाही. काही दिवसांनी सलग ऐकले, तेव्हा डॉक्टरांच्या फायलीत नसलेली एक गोष्ट त्यात होती: दुखण्याला लय असते आणि ती दिवसागणिक बदलते. माझ्या धाकट्या बहिणीला मी त्यातील दोन तुकडे ऐकवले. ती गाणारी नाही. दुसरा तुकडा चालू असताना तिने विचारले, "ताई, त्या दिवशी तुला उठताच आलं नव्हतं का गं?" तो खरोखर तसाच दिवस होता, आणि मी तिला तो कधीच सांगितला नव्हता.

हे सगळे इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर किंवा फोनमधल्या ॲपवर होत नाही, असे मला ठामपणे म्हणायचे आहे. ती साधने वाईट आहेत असे मुळीच नाही. सूर बिनचूक असतो, पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ षड्ज, कळ दाबताच बदलते, हात लावावा लागत नाही, आणि खांदे किंवा कोपरसुद्धा हलवता येत नाहीत अशा रुग्णाला तर त्यांच्याशिवाय पर्याय नाही. मी स्वतः रियाजाच्या वेळी आजही ॲप लावते. परंतु त्यातला तंबोरा मी आजारी असले तरी आणि नसले तरी तसाच वाजतो. ही त्याची खुबी आहे आणि तीच त्याची मर्यादा. गाण्याला आधार हवा असेल तेव्हा तो घ्यावा. आपल्याविषयी काही सांगायचे असेल तेव्हा त्याचा उपयोग नाही.

आजार आणि संगीत यांच्या नात्याविषयी बोलताना आपल्याकडे कुमार गंधर्वांचे नाव येणे अटळ आहे, आणि मला ते येथे एका विशिष्ट कारणासाठी घ्यायचे आहे. क्षयाने गाठल्यावर ते 1948 च्या सुरुवातीला कोरड्या हवेसाठी देवासला गेले. गाण्यास मनाई होती. स्ट्रेप्टोमायसीन हे तेव्हाचे नवे औषध मिळून ते पुन्हा गाऊ लागेपर्यंत पाचेक वर्षे लोटली, आणि एका फुप्फुसावरचा घाला त्यानंतरही कायम राहिला. त्या सक्तीच्या मुक्कामात अंथरुणावर पडून त्यांनी घराबाहेरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी ऐकली आणि त्या धुनांतून पुढे मालवती, लगनगंधार, सहेली तोडी असे राग उभे राहिले. त्यांच्या पुनरागमनानंतरच्या गायकीत लांब, सलग तानांच्या जागी छोटे, झेप घेणारे तुकडे आणि मधल्या बोलक्या शांतता आल्या. केवळ श्वास तोकडा पडला म्हणून ते असे गाऊ लागले, हे विधान मला अन्यायकारक वाटते. तोकड्या श्वासाचे अनेक गायक होऊन गेले आणि त्यांतील कोणी निर्गुणी भजने तशी गायली नाहीत. पण श्वासाचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता, असे म्हणणेही तितकेच भाबडे आहे. आजाराने जी चौकट आखून दिली तिच्यात त्यांनी आपली विचारपूर्वक मांडणी केली, एवढेच म्हणता येईल. आजाराबद्दल त्यांनी गाणे गायले नाही. आजार गाण्याच्या घडणीत मुरला.

युरोपातले एक उदाहरण याच्या नेमके उलट आहे. चेक संगीतकार स्मेताना 1874 साली पूर्ण बहिरा झाला. 1876 मध्ये त्याने चार तंतुवाद्यांसाठी जी आत्मचरित्रात्मक रचना केली तिच्या शेवटच्या भागात, आनंदी नृत्याच्या भरात असताना, सगळे एकाएकी थांबते आणि पहिल्या व्हायोलिनवर एक अत्यंत उंच, टोचणारा स्वर लांबच लांब धरला जातो. बहिरेपणाच्या आधी त्याच्या कानात जो स्वर घुमू लागला होता त्याचीच ही खूण. येथे आजार ही एक घटना आहे आणि ती ऐकणाऱ्याला बोट दाखवून सांगितली आहे. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. पण दीर्घ आजार घेऊन जगणाऱ्याला त्याच्या पुढचा प्रश्न पडतो: तो स्वर रोज ऐकू येतो, त्याचे काय करायचे? रोजच्या दुखण्याला घटना नसते. ते सकाळी असते, संध्याकाळी असते, आणि उद्याही असणार असते. तंबोऱ्याच्या आवर्तनाला जसा आरंभ-शेवट नसतो तसाच त्यालाही नसतो, आणि म्हणून हे वाद्य त्याच्या कामाला मला अधिक योग्य वाटते.

गळ्याविषयीही थोडे सांगते, कारण ही तंबोरी घेणारे बहुतेक जण गाणारे असतील. हा आजार काही जणांत स्वरयंत्रातील लहान सांध्यांपर्यंत पोहोचतो आणि आवाज घोगरा होतो. माझे तसे झालेले नाही, परंतु एकंदर अशक्तपणामुळे मी काळी चार या पट्टीवरून तिच्याहून खालच्या काळी तीनवर उतरले. बॉक्स तंबोरी मागवताना हे आधी सांगणे आवश्यक असते, कारण तारांची जाडी पट्टीप्रमाणे ठरते. उंच पट्टीसाठी चढवलेल्या बारीक तारा खाली उतरवल्या तर त्या ढिल्या पडतात आणि जवारी बोलत नाही. मी मागणी नोंदवताना पट्टी सांगितली होती, तरीही वाद्य नेहमीच्या बायकी पट्टीच्या तारा लावूनच आले. खरजाची पितळी तार बदलून घ्यावी लागली. नवी तार त्यांनी पैसे न घेता पाठवली, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. ती घरी चढवून देण्यासाठी मात्र गावातल्या एका ओळखीच्या सतारियाला बोलवावे लागले, कारण तार गुंडाळून ताणणे हे या हातांचे काम नव्हे.

आता खुंट्या. माझी सर्वांत मोठी तक्रार याच जागी आहे. परंपरेने तंबोऱ्याच्या खुंट्या लाकडी असतात आणि केवळ घर्षणावर आपल्या जागी टिकतात. खुंटी फिरवताना आत दाबावीही लागते, म्हणजे बोटांची चिमूट, अंगठ्याचे मूळ आणि मनगटाचा पीळ, या आजारातल्या तिन्ही दुखऱ्या जागा एकाच वेळी कामाला लागतात. कारखान्यातील बुजुर्ग कारागिरांशी फोनवर बोलताना मी गिटारसारख्या दातेरी चक्राच्या चाव्या बसवून मागितल्या. ते म्हणाले, "ताई, ऐका माझं, लाकडीच घ्या. चावी बसवली की डोकं जड होतंय आणि वाद्य पुढं झुकतंय बघा." मी म्हटले, "चाचा, वाद्य झुकलं तर मी सावरीन. खुंटी फिरली नाही तर मला ते वाजवताच येणार नाही." थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. हाताचं तुम्हाला ठाऊक." चाव्या बसवून आल्या, पण चारपैकी तीन. खरजाची खुंटी लाकडीच होती. का, ते मला आजवर कोणी नीट सांगितलेले नाही. पावसाळ्यात हवेतील ओलाव्याने लाकूड फुगते आणि ती खुंटी आपल्या भोकात घट्ट बसते. नेमके तेव्हाच माझे सांधेही अधिक ठणकतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये खरज लावून घ्यायला मला शेजारच्या कॉलेजकुमाराची वाट पाहावी लागते. हिवाळ्यात उलट होते, खुंटी घसरते आणि तिला खडू लावावा लागतो. बाकीच्या तिन्ही चाव्या वर्षभर निमूटपणे काम करत आहेत, आणि कारागीर म्हणत होते तसा डोक्याकडचा जडपणा आडव्या ठेवलेल्या वाद्यात जाणवतही नाही.

सूक्ष्म मेळवणीसाठी घोडीच्या खालच्या बाजूला तारेत ओवलेले मणी असतात. हे मणी इतके लहान होते की माझ्या चिमटीत ते येतच नव्हते. थोडे मोठे, किंचित लांबट मणी मागवून बदलून घेतले, आणि आता ते बोटाच्या बाजूने नुसते ढकलता येतात. हा बदल काही रुपयांचा आहे. सगळ्याच कारखान्यांनी तो मागितल्याशिवाय करून द्यावा, असे माझे मत आहे. म्हातारपणी बोटे जड झालेले गाणारे काही कमी नाहीत.

पिशवीबद्दल फारसे चांगले सांगण्यासारखे नाही. आतला फोम पातळ आहे आणि चेन अशी बारीक आहे की तिचा गुंडा धरून ओढणे मला जमत नाही. मी त्यात नाडीचे एक मोठे वेटोळे अडकवले आहे. खांद्याचा पट्टा अरुंद असून तो खुपतो. वाद्य लाकडी पेटाऱ्यातून सुखरूप आले, त्यात काही कसूर नव्हती.

जवारी पहिल्यांदा वाद्याबरोबर लावून येते, पण ती कायमची नसते. तारा घासून घोडीच्या माथ्यावर बारीक चरे पडतात, आवाज बसका होतो आणि जवारी पुन्हा काढावी लागते. हे कानाचे आणि कानशीचे काम आहे, त्यात घरच्या घरी हात घालू नये. मिरजेतील कारागीर वाद्य पाठवल्यास करून देतात, पुण्या-मुंबईतही जाणकार आहेत. मी अजून ते करून घेतलेले नाही, कारण गेल्या काही दिवसांत खरजात आलेला किंचित खरखरीतपणा मला मुद्रणांमध्ये आवडू लागला आहे. संगीतशास्त्राच्या दृष्टीने हा दोष आहे, हे मला माहीत आहे.

किमतीचा हिशेब असा. चाव्या, मणी, पेटारा आणि पाठवणी धरून मला हे वाद्य चौदा हजारांच्या आसपास पडले. इलेक्ट्रॉनिक तंबोरा यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत येतो आणि ॲप तर जवळजवळ फुकट. ज्यांना केवळ सूर धरून ठेवणारे काहीतरी हवे आहे त्यांनी हा खर्च करू नये. ज्यांना उत्तम, भरदार नाद हवा आहे आणि हात शाबूत आहेत, त्यांनी थोडे अधिक पैसे घालून भोपळ्याचा तंबोरा घ्यावा. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णांना, ज्यांना गाताना वारंवार थांबावे लागते, त्यांना मात्र मी ही तंबोरी आवर्जून सुचवीन: श्वास घेण्यासाठी थांबल्यावर हात चालू राहतो, गाण्यात पडलेली फट रिकामी राहत नाही, आणि हळूहळू ती फट लपवण्याचा अट्टहास सुटतो. पाठीच्या मणक्याचे दुखणे असणाऱ्यांनाही आडवे पडून वाजवण्याची सोय उपयोगी पडेल. ज्यांची बोटे टोकाच्या सांध्यात दुखतात, म्हणजे वयोमानाने होणाऱ्या सांधेझिजेचा त्रास ज्यांना आहे, त्यांनी विकत घेण्यापूर्वी कोणाचा तरी तंबोरा घेऊन दहा-पंधरा मिनिटे छेडून पाहावा. त्यांचे गणित माझ्यापेक्षा वेगळे असेल. आणि हे औषधांऐवजी नाही, हे लिहायलाच नको, तरी लिहिते, कारण संगीताने संधिवात बरा झाल्याचा निरोप मला आठवड्याला एक तरी येतो. तंबोरीने माझा सीआरपी कमी झालेला नाही.

मागणी नोंदवताना पुढील गोष्टी तोंडी न ठेवता लिहून कळवाव्यात: आपली पट्टी, चारही खुंट्यांना दातेरी चाव्या, मोठे मणी, आणि वाद्य मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे आहे ही माहिती, कारण त्यानुसार तळाची बाजू सपाट ठेवून कडा गोल घासून देता येते. माझ्या वाद्याच्या कडा टोकदार आहेत आणि पातळ चादरीतून त्या मांडीला रुततात. चाव्यांची भोके दांडीच्या डोक्यात सुरुवातीलाच पाडून घ्यावीत. खरजाच्या खुंटीसाठी मी नंतर विचारले तेव्हा जुने भोक बुजवून नवे पाडावे लागेल, त्यासाठी वाद्य परत मिरजेला पाठवावे लागेल आणि निदान तीन आठवडे लागतील, असे उत्तर मिळाले. पाऊस ओसरला की पाठवणार आहे.